झडतीबाईंचा उजवा हात

पडदा वर गेला आहे असं समजा. समोर एक लांबट दालन आहे, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचं. एका अंगाला खिडक्यांची रांग, दुसऱ्या अंगाला एकावर एक रचलेल्या लोखंडी खुर्च्या. फरशीवर बॅडमिंटनच्या पुसट झालेल्या पांढऱ्या रेघा. सकाळचं तिरपं ऊन. मधोमध सात-आठ उतारवयाची माणसं गुडघे किंचित वाकवून, हात पुढे गोल धरून उभी आहेत. जणू प्रत्येकाने न दिसणारं एकेक पिंप कवटाळलं आहे. खालून वाचनालयाच्या शिपायाचा खोकला ऐकू येतो, बाकी सगळं शांत.

आणि डाव्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून, एक उंच, हाडापेराने दणकट बाई. तिने पिंपबिंप काही कवटाळलेलं नाही. डावा हात जेमतेम वर आहे. उजवा कोपर बरगडीला असा चिकटलेला, की खिळा ठोकून बसवला असावा. नजर आधी दाराजवळच्या स्वतःच्या चपलांवर जाते, मग खुर्चीवरच्या पर्सवर, मग शिकवणाऱ्या बाईंवर, आणि पुन्हा चपलांवर. माझं सारं आयुष्य नाटकात गेलं. पात्र कशासाठी आत आलं आहे ते मला त्याच्या पहिल्या पावलाला कळतं. ही बाई शिकायला आलेली नव्हती. पाळतीवर आलेली होती.

"खांदे सोडा," मास्तरीणबाई म्हणाल्या. शिकवणाऱ्या बाईंना आम्ही सगळे मास्तरीणबाईच म्हणायचो. ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, पायघोळ सैल सदरा घालणाऱ्या.

"सोडून ठेवू कुठे?" कोपऱ्यातून आवाज आला.

निवृत्त पोस्टमन माझ्या शेजारी उभे होते. ते फिसकन हसले आणि त्यांचं पिंप सांडलं.

ताय-ची हा सावकाशपणाचा व्यायाम. मुळात ती लढण्याचीच विद्या, पण इतकी संथ की बघणाऱ्याला वाटावं, माणसं पाण्याखाली चालली आहेत. त्यातली पहिली आणि शेवटची गोष्ट एकच: अंग सैल सोडायचं. वाकवायचं नाही, ताणायचं नाही, नुसतं सोडायचं. ऐकायला सोपं वाटतं. करायला गेलं की कळतं, आपण किती ठिकाणी स्वतःला मुठीत धरून बसलो आहोत.

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर त्या बाई माझ्या मागोमाग खालच्या चहाच्या दुकानात आल्या. दाराकडे तोंड करून बसल्या. कप रुमालाने पुसून घेतला.

"नाटकात होतात म्हणे तुम्ही."

"होते."

"म्हणजे रडा म्हटलं की रडता."

"समोर प्रेक्षक असतील तर."

"मग तुमचं काही खरं नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या बशीतलं बिस्किट उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि खाल्लं. आमची मैत्री झाली ती अशी.

घड्याळांच्या कारखान्यात बायकांच्या दारावर त्यांनी उभी हयात काढली होती. संध्याकाळचा भोंगा झाला की एकेक बाई पडद्याआड यायची, हात पसरून उभी राहायची आणि ह्या तिची झडती घ्यायच्या. घड्याळाची चाकं इतकी चिमुकली, की ती अंबाड्यात मावतात, अस्तरात मावतात, दाढेच्या पोकळीतसुद्धा मावतात. कारखान्यात त्यांचं नाव पडलं झडतीबाई. तेच पुढे आमच्याकडे चालू राहिलं. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. "नाव कामाने पडलंय, कुणी उगाच ठेवलेलं नाही," असं त्या म्हणायच्या.

आणि एका संध्याकाळी, आपली पाळी संपवून त्या निघाल्या, तर त्यांच्याच कोटाच्या उजव्या खिशात मूठभर चाकं निघाली.

"साहेबांनी माझीच झडती घ्यायला लावली," बाई म्हणाल्या. "माझ्याच पडद्याआड."

"कोणी टाकली होती?"

"रांगेत होत्या त्यांतल्याच कुणीतरी. कोण ते आजवर कळलं नाही. म्हणून सगळ्याच."

"सगळ्याच काय?"

"सगळ्यांनीच टाकलीत असं धरून चालते."

नोकरी वाचली. पण त्या दिवसापासून उजवा कोपर खिशावर दाबून ठेवायची सवय लागली ती लागलीच. पुढे निवृत्ती आली, कोट गेला, खिसा गेला, कोपर मात्र तिथेच राहिला. मग खांदा आखडला. केस विंचरताना हात डोक्यापर्यंत जाईना. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हाड शाबूत आहे, सांधा जरा धरलाय, बाकीचं तुम्हीच धरून ठेवताय. सैल सोडायला शिका. आणि ह्या वर्गाचा पत्ता दिला.

"आता मला सांगा," बाई टेबलावर वाकून हळू आवाजात म्हणाल्या, "डॉक्टरने औषध द्यायचं सोडून पत्ता का द्यावा? ही मास्तरीण त्याची मेव्हणी असणार. नाहीतर मावसबहीण तरी. कान सारखे आहेत दोघांचे."

मी हसले. पण त्यांना हसू येत नव्हतं. त्यांच्या संशयाच्या तळाशी खरी काळजी होती, आणि ती खांद्याची नव्हती. ती नातीची होती.

मुलगा जहाजावर, वर्षातले कितीतरी महिने घराबाहेर. घरात त्या, सूनबाई आणि पाळण्यातली छकुली. सूनबाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायच्या. बाळंतपणाची रजा संपत आली होती. छकुलीला आजीपाशी ठेवायचं, हे ती जन्मायच्या आधीपासून ठरलेलं. पण छकुलीला आजीच्या हातात दिलं, की ती क्षणभर डोळे मोठे करून बघायची आणि मग घर डोक्यावर घ्यायची. आईकडे परत गेली की चूप.

"पोरगी मला चोर समजते," बाई म्हणाल्या.

"अहो, पाच महिन्यांचं बाळ ते!"

"म्हणूनच. अजून कुणी शिकवलेलं नाही तिला. स्वतःच्या मनाने समजते."

सूनबाईंनी एकदा फार सरळपणे विचारलं होतं, "आई, तुम्ही तिला घेता की पकडता?" बाईंच्या ते जिव्हारी लागलं. त्यात आदल्याच आठवड्यात सूनबाई न्हाणीघरात नळ सोडून फोनवर बोलत होत्या. नळ कशासाठी सोडतात माणसं? बाईंनी दाराशी उभं राहून वाट पाहिली आणि सून बाहेर येताच विचारलं, "कुणाशी बोलत होतीस?" सूनही तशीच रोखठोक. म्हणाली, "पाळणाघराशी. आई, तुमचा हात वर जात नाही. ती तुमच्याकडे राहत नाही. मी कामावर कुठल्या जिवाने जाऊ?"

हे सांगताना बाईंनी चहाचा कप दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. "रजा संपायला महिनाही उरला नाही," त्या म्हणाल्या. "एकदा ती तिकडे रमली, की मग मी घरातली एक खुर्ची."

तेव्हापासून मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने बघू लागले. त्या वर्गाला एक दिवस चुकत नव्हत्या, आणि एक दिवस सैल होत नव्हत्या. मास्तरीणबाई म्हणायच्या, कोपर जमिनीकडे लोंबू द्या. ह्यांचा बरगडीला. मास्तरीणबाई म्हणायच्या, समोरचे ढग हळूच बाजूला सारा. ह्या ढगांकडे असं बघायच्या, की आत काय लपवलंय बोला.

"डोळे मिटून बघा ना एकदा," मी सुचवलं.

"हो, आणि पर्स?"

मग त्यांचं सगळं लक्ष मास्तरीणबाईंवर एकवटलं. एक दिवस मला कोपऱ्यात ओढून म्हणाल्या, "ह्या बाईचं काहीतरी काळंबेरं आहे. मघाशी तिचा रुमाल पडला. वाकून उचलायचा तर पायाच्या बोटांत धरून वर घेतला. खुर्चीवर बसते ती टोकावर. आणि सदरा बघा, पहिल्यापेक्षा ढगळ. अंगावर काहीतरी आहे तिच्या."

"काय असणार?"

"ते अंगाला हात लावल्याशिवाय कसं सांगू?"

मला वाटलं, झालं, आता ही बाई वर्ग मोडणार. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात पाल चुकचुकली. नाटकात असताना मी एकदा मुरगळलेल्या पायाने अख्खा नाच केला होता. लपवणारं अंग कसं चालतं ते मला ठाऊक होतं. मास्तरीणबाई तशाच चालत होत्या.

पुढच्याच वर्गात दोघादोघांचा सराव होता. समोरासमोर उभं राहायचं, मनगटाला मनगट टेकवायचं. एकाने अगदी हळू ढकलायचं, दुसऱ्याने विरोध न करता जागा द्यायची. समोरचा कुठे ताठ आहे ते हातानेच ओळखायचं. मास्तरीणबाईंनी विचारलं, माझ्याबरोबर कोण येतं? बाई कधी नव्हे त्या भिंत सोडून पुढे झाल्या.

दोघी उभ्या राहिल्या. मनगटं टेकली. मास्तरीणबाईंनी हलकेच ढकललं. बाई मागे सरल्या. त्यांनी ढकललं, मास्तरीणबाई मागे सरल्या. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी बाईंचं मनगट मनगटावरून निसटलं, पुढे गेलं आणि त्यांच्याही नकळत जुनं काम सुरू झालं. दोन्ही हात मास्तरीणबाईंच्या गळपट्टीवरून फिरले, काखेखालून गेले, बरगड्यांवरून कमरेपर्यंत उतरले, पाठीमागे वळले, मग उजवा पुन्हा वर चढून खांद्यावरून पलीकडे पाठीवर गेला. पापणी लवते न लवते तोवर. मास्तरीणबाई तशाच उभ्या, हात अर्धवट पसरलेले, जणू संध्याकाळचा भोंगा झाला आहे.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.



"कमरेपासून पाठीपर्यंत," बाई म्हणाल्या. "पट्ट्या आहेत. धातूच्या. पाच."

पोस्टमन म्हणाले, "अहो, झडती कसली घेताय!" पण त्यांचंही डोकं पुढे आलेलं.

मास्तरीणबाईंचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी सदऱ्याची एक बाजू थोडी उचलली. आत जाड कापडी पट्टा होता, धातूच्या पट्ट्या शिवलेला, पाठीचा, डॉक्टर देतात तसला.

"जिन्यावरून पडले," त्या म्हणाल्या. "मणका सरकलाय. तुम्हाला पाठ सैल सोडायला शिकवणार ती बाईच पट्ट्यात बांधलेली. कळलं असतं तर कोण आलं असतं?"

पोस्टमननी घसा खाकरला. आणि झडतीबाई? त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी भरलेल्या नाट्यगृहात टाळ्या घेणाऱ्या नटांच्या चेहऱ्यावरही क्वचितच पाहिलं आहे. संशय खरा ठरल्याचं समाधान. ते फार एकटं असतं, पण असतं.

"मला राग आलेला नाही," मास्तरीणबाई हळू म्हणाल्या. "फक्त एक करा. हलू नका. जशा आहात तशाच राहा. आता सांगा, तुमचा उजवा हात कुठे आहे?"

आम्ही सगळ्यांनी पाहिलं. बाईंनी मान वळवून पाहिलं. त्यांचा उजवा हात मास्तरीणबाईंच्या खांद्यावरून पलीकडे, पाठीवर, वर पोचलेला होता. कोपर हवेत. बरगडीपासून हातभर लांब.

"आई गं!" बाई ओरडल्या आणि कळ येऊन हात झटकन खाली घेतला.

"आता दुखला," मास्तरीणबाई म्हणाल्या. "बघितल्यावर. मघाशी का नाही दुखला?"

"मघाशी मी कामात होते."

"झडती घेताना हात कसा ठेवता?"

बाई विचारात पडल्या. असं त्यांना कुणी कधी विचारलंच नसावं. "हलका," त्या सावकाश म्हणाल्या. "अगदी हलका. आवळलेल्या हाताला काही लागत नाही, त्याला आपलंच दाबणं लागतं. खांद्यापासून सोडून द्यावा लागतो. मग बोटं आपोआप ऐकतात."

"इतके दिवस मी दुसरं काय सांगतेय?"

"मग असं सांगायचं ना, झडती घ्या म्हणून!" बाई उसळून म्हणाल्या. "खांदे सोडा, ढग सारा, पिंप धरा! माणसाला कळेल असं बोलावं."

मास्तरीणबाई हसायला लागल्या, पट्ट्याने हसता येईना म्हणून कमरेला हात लावून खुर्चीवर बसल्या. त्या दिवसापासून त्या खुर्चीवर बसूनच शिकवू लागल्या. एकानेही वर्ग सोडला नाही. झडतीबाईंनी तर रोज येऊन त्यांचा पट्टा नीट बसलाय की नाही ते तपासायचं आपल्याकडे घेतलं. तो सैल बांधला असेल तर रागावायच्या.

पण वर्गातलं वर्गात. घरचं तसंच. मी रोज विचारायची आणि बाई मान हलवायच्या. छकुलीला घेतलं, की सूनबाई दारात उभी राहून बघते. सून बघते आहे हे कळलं, की कोपर बरगडीला जातो. कोपर गेला, की पोर किंचाळते.

"तिला सांगा, बघू नको म्हणून."

"कसं सांगू? म्हणेल, लपवायचंय काय तुम्हाला?"

"मग आधी माझी झडती घ्या," मी म्हणाले.

मग माझ्यावर सराव सुरू झाला. वर्गाआधी मी हात पसरून उभी राहायची आणि बाई माझी झडती घ्यायच्या. हात सोडून, श्वास सोडून, बोटांनी ऐकत. पहिल्या दिवशी माझ्या खिशातून पेपरमिंटचं पाकीट निघालं, दुसऱ्या दिवशी चष्म्याचं घर, तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम बाहीत लपवलेलं बटण. "नट मंडळी लपवायला कच्ची," असा शेरा मिळाला. पण हात दिवसेंदिवस वर जाऊ लागला. एका सकाळी मला दिसलं, की बाईंनी केसांचा अंबाडा डोक्याच्या मधोमध घातलाय. मी काही बोलले नाही. त्यांना वाटलं असतं, माझा काहीतरी हेतू आहे.

आणि मग ती दुपार आली. सूनबाई अंघोळीला गेल्या होत्या. छकुली पाळण्यात रडायला लागली. आधी कुरकुर, मग टाहो. बाई पाळण्यापाशी गेल्या. त्यांनी मला सांगितलं ते असं: "मला वाटलं, ही उगाच रडत नाही. हिने काहीतरी लपवलंय. शोधून काढते." त्यांनी पोरीला उचललं, छातीशी घेतलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवायला लागल्या. दाबून नाही, थोपटून नाही. नुसतं शोधत, मानेपासून खाली, कुशीवरून, पोटाच्या बाजूने. एका जागी पोट फुगलेलं, दगडासारखं लागलं. तिथे बोटं थांबली. थोडी फिरली. छकुलीने मोठ्या माणसासारखी ढेकर दिली, सुस्कारा सोडला आणि आजीच्या उजव्या खांद्यावर गाल टाकला.

सूनबाई डोक्याला टॉवेल गुंडाळून दारात उभ्या होत्या.

"काय बघतेस?" बाईंनी विचारलं.

"काही नाही, आई."

"काही नाही कसं? बघतेयस."

"झोपली ती," सूनबाई म्हणाल्या, आणि टॉवेल तसाच ठेवून तिथल्या तिथे खाली बसल्या.

पाळणाघर रद्द झालं असं मात्र समजू नका. सूनबाई ठाम. म्हणाल्या, पहिला दिवस बघू. जमलं तर जमलं, नाहीतर दुसऱ्या दिवसापासून पाळणाघर. बाई मला म्हणाल्या, "बघा, परीक्षा घेतेय माझी." मी म्हटलं, "घेऊ दे की, तुम्ही उभं आयुष्य लोकांची घेतलीत."

तो पहिला दिवस उजाडला. मी दहाच्या सुमाराला त्यांच्या घरी गेले. दार उघडलं ते बाईंनी, खांद्यावर छकुली. पोर जागी, पण शांत, आजीच्या कानाची पाळी ओढत होती.

"सूनबाईने पाठवलंय तुम्हाला," बाई म्हणाल्या.

मी कितीतरी नाटकांतून खोटं बोलले आहे, तेही चांगलं. पण त्या नजरेसमोर मला एक वाक्य जुळवता येईना. "हो," मी म्हणाले. "सकाळी फोन आला होता. जाऊन या म्हणाली, सहज आल्यासारख्या."

"वाटलंच मला," बाई म्हणाल्या. त्यांना राग आला नव्हता. मान डोलवून त्यांनी खुर्ची दाखवली. "बसा. नीट बघा. आणि संध्याकाळी जे दिसलं तेच सांगा, पदरचं घालू नका."

मी बसले आणि बघत राहिले. खोली लहान. खिडकीशी पाळणा, दोरीवर वाळत घातलेली झबली, स्टोव्हवर दुधाचं भांडं. बाई खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत संथ चालत होत्या. गुडघे किंचित वाकलेले. टाच आधी, मग चवडा, अगदी वर्गातल्यासारखं. दोन्ही कोपर जमिनीकडे लोंबलेले आणि मधल्या खोबणीत छकुली, कुणी धरलेली नव्हेच, नुसती ठेवलेली. तिचे डोळे जड झाले. एकदा उघडले, आजीची खात्री करून घेतली आणि मिटले.

तेवढ्यात फोन वाजला. छकुली दचकली नाही. बाईंनी फोन डाव्या हाताने उचलून कानाशी धरला. सूनबाईंचा आवाज मला खुर्चीपर्यंत ऐकू येत होता, पण शब्द लागत नव्हते. मागे दुकानातली गडबड होती. बाई ऐकत राहिल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली, एक भुवई वर गेली, आणि त्यांनी आवाज एकदम खाली आणून विचारलं:

"ती झोपलीये गं. तू कशाला रडतेस?"